तीसपैकी तीस

आकडे फार चांगले होते, म्हणूनच मला ते खोटे वाटले.

बुधवारी सकाळी माझ्या हाताखालच्या गौरांगने चाचणीचा अहवाल माझ्या टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखा दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. तीस नमुने तपासले, तीसही पास. मी अहवाल एकदा वाचला, परत वाचला, मग त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता आणि पत्रे लादलेला एक टेम्पो, एवढंच होतं. सत्तावीस वर्षांचा धडधाकट मुलगा टेम्पोकडे इतका वेळ का बघेल? माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा स्वभाव संशयी आहे हे मी लपवत नाही. भाजीवालीने आपणहून कोथिंबीर जास्त घातली तर मी जुडी उलटी करून आतली पानं बघते. आल्हाद, माझा नवरा, म्हणतो की तू देवापुढे हात जोडतेस तेव्हाही एक डोळा चपलांवर असतो. असतोच. काळारामाच्या देवळाबाहेर माझ्या दोन जोड गेल्यात, त्याचा एकही नाही. आणि माझ्या कामात हा दुर्गुण नाहीच. मी ज्या वस्तू बनवते त्या कुठे दगा देतील हे आधीच ओळखण्यासाठी मला पगार मिळतो.

आमच्याकडे स्टेंट बनतात. हृदयाची रक्तवाहिनी चोंदली की डॉक्टर मनगटातून एक लांब, बारीक नळी आत सारतात. नळीच्या टोकाला घड्या घालून मिटवलेला फुगा असतो आणि फुग्यावर आवळून बसवलेली धातूची जाळी. ती जाळी म्हणजे स्टेंट. जागेवर पोचलं की फुगा फुगवायचा, जाळी उघडते आणि वाहिनीच्या भिंतीला टेकून राहते, मग फुगा मिटवून नळी बाहेर काढायची. लोकांना जाळीचं कौतुक. मला नळीचं. जाळी कितीही गुणाची असली तरी तिला नेऊन पोचवणारी नळी धड नसेल तर काय उपयोग? सगळ्यात भयंकर काय, तर अर्ध्या वाटेत, एखाद्या वळणावर, जाळी फुग्यावरून निसटणं. सुटी झालेली जाळी रक्ताबरोबर कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. मग टेबलावरच्या माणसाचं काही खरं नाही.

ही नळी माझी आहे. नऊ वर्षं मी तिच्यामागे आहे. पूर्वी आम्ही फुग्याला पाच घड्या घालायचो, त्यामुळे टोक जाड व्हायचं आणि वाकड्यातिकड्या वाहिन्यांतून पुढे सरकायचं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या, मधुमेहाच्या रुग्णांच्या वाहिन्या तशाच असतात. मी पाचाच्या तीन घड्या केल्या. तीन घड्यांचं पेटंट माझ्या नावावर आहे, आणि हो, मला त्याचा गर्व आहे. आता पहिल्यांदाच ही नळी माणसांवर वापरली जाणार होती. मुंबईच्या एका हॉस्पिटलात चाळीस रुग्ण. अठ्ठेचाळीस स्टेंट डबाबंद होऊन आमच्या स्टोअरमध्ये तयार होते, सोमवारी सकाळी गाडी येणार होती. गाडीत चढण्याआधी एका कागदावर माझी सही लागत होती. गौरांगच्या अहवालाखाली.

चाचणी सोपी असते. जाळी चिमट्यात धरायची, यंत्राने नळी मागे ओढायची आणि किती जोराला जाळी सुटते ते बघायचं. एक न्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन लोंबकळवल्याएवढा जोर, तिने सोसायलाच हवा. त्याआधी सुटली तर नापास. गौरांगचे तीसही नमुने दीडच्या वर होते. सगळ्यात कमी दीड, सगळ्यात जास्त एक पॉइंट नऊ. मधेअधे कुठे एखादा एक पॉइंट एक नाही, कुठे एखादा घसरलेला नाही. मी तीस वर्षं यंत्रांबरोबर काढली आहेत. माणसाच्या हातून गेलेली वस्तू इतकी शहाण्यासारखी वागत नाही. तीस पोळ्या लाटल्या तरी दोन वाकड्या होतात.

"छान आलेत," मी म्हटलं.

"हो मॅम."

"फारच छान आलेत."

त्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "सही केव्हा घेऊ मॅम?"

घाई. हीही मी मनात टिपून ठेवली.

मग मी मागचे पंधरा दिवस आठवू लागले. गौरांग जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये जाऊन फोनवर बोलायचा, तेही गाड्यांच्या मागे, पाठ करून. मी त्याच्या जागेवर गेले की लॅपटॉप मिटायचा. गेल्या गुरुवारी तो साडेपाचच्या ठोक्याला निघाला होता, आणि याआधी तो सातच्या आत कधी निघाल्याचं मला आठवत नव्हतं. एकेक गोष्ट साधी होती. पण सगळ्या एका ओळीत मांडल्यावर मला दिसलं ते असं, की या मुलाला दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने गाठलंय, तो इथून जायच्या तयारीत आहे आणि जाता जाता काम उरकायचं म्हणून त्याने आकडे बसून लिहिलेत.

दुपारी मी त्याला म्हटलं, "राखीव दहा नमुने आहेत ना? त्यातले पाच आत्ता माझ्यासमोर कर."

मी यंत्राशेजारी खुर्ची ओढून बसले. त्याने नमुना लावला की मी चिमटा बघायचे, त्याने बटण दाबलं की मी पडदा बघायचे. तो घामाघूम झाला होता. चोराला घाम येतो तसा, असं मला तेव्हा वाटलं. शेजारी कुणी अंगावर बसून श्वास मोजत असेल तर साळसूद माणसालाही घाम येतो हे मला सुचलं नाही. पाचही नमुने पास झाले. एक पॉइंट सहा, एक पॉइंट आठ, असेच.

दुसरा कुणी असता तर त्याने सही केली असती. मी घरी जाताना विचार करत होते की त्याने राखीव नमुनेही बदलून ठेवले असतील. संध्याकाळी सगळे निघताना मी सिक्युरिटीला सांगून त्याची बॅग बघायला लावली होती. बॅगेत डबा, छत्री आणि स्पर्धा परीक्षेचं एक जुनं पुस्तक निघालं. मला पुस्तकाचाही संशय आला.

गुरुवारी मी दिवाकर सरांच्या केबिनमध्ये गेले. कंपनी त्यांनी उभी केली. पासष्ट वर्षांचे आहेत, मशीन टूलच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी इथे पहिलं लेसर यंत्र आणलं तेव्हा लोक हसले होते. शांत माणूस. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरगा तसा वाटत नाही गं, स्वरदा."

"कुणीच तसं वाटत नाही, सर. वाटलं असतं तर सोपं नसतं झालं?"

"आकडे चांगले आलेत, तर तू खूश व्हायला पाहिजेस. नळी तुझी आहे."

मला एकदम दिवाकर सरांचाही संशय आला. परवाच ते आणि गौरांग गेटबाहेरच्या टपरीवर एकत्र चहा पीत उभे होते. सोमवारची घाई जेवढी गौरांगला होती, त्याहून जास्त सरांना असणार. मी म्हटलं, "त्याला बोलवा. माझ्यासमोर विचारा."

गौरांग आला. सरांनी फिरवून फिरवून प्रश्न विचारायचा प्रयत्न केला, तो मला सहन झाला नाही. मीच म्हटलं, "तीसपैकी तीस, आणि सगळे एकाच पट्ट्यात. असं होत नाही, गौरांग. हे तुलाही कळतं."

"कळतं मॅम."

"मग?"

"मी आकडे बनवलेत असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी विचारतेय."

"नाही मॅम. तुम्ही विचारत नाही आहात." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "काल तुम्ही माझ्यासमोर बसून माझे हात बघितलेत. संध्याकाळी गेटवर चार लोकांसमोर माझी बॅग उघडायला लावलीत. विचारायचं असतं तर सकाळीच विचारलं असतंत, आणि मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून दिवाकर सरांच्या चष्म्याशेजारी ठेवलं. "आता नको मॅम," म्हणाला, आणि गेला. सरांनी त्याला दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. मला वाटलं, पकडला.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. राखीव दहातले पाच उरले होते. मी ते स्वतःच्या हाताने लावले, स्वतः ओढले. गौरांग नाही, त्याचा लॅपटॉप नाही, खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही. एक पॉइंट सात. एक पॉइंट सहा. एक पॉइंट आठ. एक पॉइंट सात. एक पॉइंट सहा.

मी खुर्चीत बसून राहिले. आकडे खरे होते. मुलगा खरा होता. पण आकडे अजूनही मला पटत नव्हते आणि आता संशय घ्यायला समोर माणूसच उरला नव्हता.

यंत्रच खोटं बोलत असेल, असं मला वाटलं. त्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र गौरांगच्या खणात असायचं. खण उघडला. प्रमाणपत्र वरच होतं, अगदी वेळेवर केलेलं. त्याखाली चार कागद टाचलेले होते. गेल्या आठ लॉटचे आलेख, एकाखाली एक छापलेले, आणि बाजूला गौरांगचं गिचमिड अक्षर. "तीन घड्यांचा पहिला लॉट: तीसपैकी तीन नापास. त्यानंतर सात लॉट: एकही नाही. का? मधे काही बदललेलं नाही. नमुने कोण निवडतं?" आणि त्याखाली, "मॅमशी बोलणे."

शेवटच्या दोन शब्दांवर काट मारली होती. साधी नव्हे, तीन-चारदा पेन फिरवून मारलेली. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

माझ्यासारखाच संशय त्यालाही आला होता, माझ्याआधी आला होता, आणि तो बरोबर दिशेने चालला होता. वाटेत त्याला माझं दार लागलं आणि तो मागे फिरला. मी कागद खणात परत ठेवला.

नमुने कोण निवडतं याचं उत्तर मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. नियम मीच लिहिला होता: लॉटमधून कुठलेही चाळीस उचलायचे. कोण उचलतं याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. उचलण्यात बघण्यासारखं काय असतं?

आमच्या स्वच्छ खोलीला पॅसेजच्या बाजूने जाड काच आहे. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, मास्क, हातमोजे. काचेतून आतल्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात. पण भाग्यश्री ओळखू येते, कारण ती मायक्रोस्कोपवर सगळ्यात कमी वाकते. चाळिशीची बाई आहे, माहेर दिंडोरीकडचं, आता चुंचाळ्यात राहते. जाळी फुग्यावर आवळायचं यंत्र तीच चालवते. तिच्याइतका स्थिर हात आमच्याकडे कुणाचा नाही. मी काचेला नाक लावून उभी राहिले.

पुढचा लॉट चालू होता. भाग्यश्री यंत्रातून नळी काढायची, मायक्रोस्कोपखाली बघायची, आणि मग एक गोष्ट करायची जी कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती. जाळी बसवलेलं टोक दोन बोटांत धरून किंचित फिरवायची. अर्धा सेकंद, त्याहूनही कमी. मग नळी कधी डावीकडच्या ट्रेमध्ये जायची, कधी उजवीकडच्या.

मी पोशाख चढवून आत गेले. मला बघताच तिचे हात थांबले. खोलीतल्या बाकीच्या पाच जणींचेही थांबले.

"हे दोन ट्रे कशाला, भाग्यश्री?"

"ह्यो डावीकडचा तुमचा मॅडम, टेस्टचा. ह्यो लॉटचा."

"आणि कुठला कुठे ते कसं ठरवतेस?"

ती गोंधळली. मी वेडगळ प्रश्न विचारला असावा तसं तिने माझ्याकडे बघितलं. "चांगले तुमच्याकडं देते की. हाताला घट लागतात ते."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "नीट सांग. मला सगळं सांग."

"काय सांगायचं त्यात?" ती म्हणाली. मग हळूहळू सांगू लागली. "माहेरी आमची द्राक्षाची बाग हाय, मोहाडीच्या अंगाला. लग्नाआधी आन् नंतरबी, पंधरा वर्षं विरळणी केलीये मी. निर्यातीचा माल असला का आधी व्यापाऱ्याकडं पेटी जाते नमुन्याची. ती पेटी माझी आई भरायची, मंग मी भरायले लागले. मण्याला बोट लावलं का कळतं नरम हाय का कडक. नरम मणी कात्रीनं काढायचा, घड गोल करायचा, मंग पेटीत. नमुना वाईट गेला तर अख्खी बाग वाईट ठरते ना मॅडम. वर्षाचं काम असतं घरादाराचं."

"आणि नरम मणी?"

"ते काय टाकून थोडीच देतो? लोकल मार्केटला जातात. खातात की लोक."

मी उजवीकडच्या ट्रेकडे बघितलं. असाच एक ट्रे भरून, डबाबंद होऊन, स्टोअरमध्ये सोमवारच्या गाडीची वाट बघत होता.

"अगं, पण टेस्टचे नमुने तर आम्ही तोडतो. ते फेकायचेच असतात."

"फेकायचे असले तरी दावायचे असतात ना." तिला माझं म्हणणं कळत नव्हतं आणि मला रागवायला जागा सापडत नव्हती. "आन् लॉटमधले बी वाईट नाय मॅडम. मायक्रोस्कोपखाली सगळे पास हायेत, तुम्ही बघा. दिसायला एकदम बरोबर. फक्त हाताला जरा हलके लागतात. धा-बारात एखादा."

"केव्हापासून?"

"तीन घडीचा फुगा आला तव्हापासून. पाच घडीला नव्हतं तसं." तिने एक नळी उचलून मायक्रोस्कोपखाली धरली. "हे बघा. घडीची कड जाळीच्या जोडाखाली आली का हलकं बसतं. जोडाच्या मधी आली का घट."

मी डोळा लावला. दिसत होतं. धातूच्या दोन कड्या जिथे जोडल्या होत्या, नेमकी तिथेच माझी घडी संपत होती, आणि जाळीला खालून आधार नव्हता. पाच घड्यांमध्ये आधार कुठेतरी मिळायचाच. तीनात नशिबावर होतं. नऊ वर्षं मी या टोकाकडे बघत होते. आठ महिने या बाईच्या बोटांना माझ्या नळीचा दोष माहीत होता, कारणासकट, माझ्या टेबलापासून पंचवीस पावलांवर.

"मला का नाही सांगितलंस?" आवाज जमेल तितका खाली ठेवून मी विचारलं.

भाग्यश्रीने मान खाली घातली. मागून कुणीतरी खोकलं.

"वेदिका आली होती ना सांगायला," ती म्हणाली.

वेदिका. मला आठवायला वेळ लागला, याची आता लाज वाटते. हरसूलची एक मुलगी होती, चारेक महिने भाग्यश्रीच्या हाताखाली त्याच यंत्रावर होती. तीन घड्यांच्या पहिल्या लॉटमध्ये तिच्या हातचे तीन नमुने नापास झाले. ती हातात ट्रे घेऊन माझ्यापुढे उभी राहिली होती आणि काहीतरी म्हणू लागली होती. तिला पुरं बोलूही न देता मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, हात आहेत की लाकडं? नवी नळी, माझी नळी, पहिल्याच दिवशी नापास करून दाखवते म्हणजे काय! पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली. मी कारण विचारलं नाही. पुढच्या लॉटमध्ये तीसपैकी तीस आले तेव्हा मी दिवाकर सरांना म्हटलं होतं, बघा, दोष हातांचाच होता.

"तव्हापासून तुमच्याकडं हलका नमुना जाऊ दिला नाय मी एकबी," भाग्यश्री म्हणाली. तिच्या आवाजात अजूनही थोडासा अभिमान होता. "परत कुना पोरीला बोलनी नको बसायला."

दिवाकर सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी अहवाल मागून घेतला आणि वाचला. मग म्हणाले, "अहवाल खोटा आहे का?"

"नाही. आकडे खरे आहेत."

"नियमाप्रमाणे तीस तपासलेत, तीस पास."

"सर."

"मी फक्त विचारतोय. हॉस्पिटलला सोमवार सांगितलाय. रुग्णांना तारखा दिल्यात."

"सोमवारी इथून काही जाणार नाही," मी म्हटलं. "मी सही करणार नाही, आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाची घेऊ देणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा प्रश्न खरंच नुसता प्रश्न होता का, हे मला आजही माहीत नाही.

दुपारी आम्ही स्टोअरमधले अठ्ठेचाळीस डबे खाली आणले. त्यातले तीस उघडायचे होते, पण कुठले तीस हे ठरवायला मला माझ्या हाताचाही भरवसा वाटेना. मी चिठ्ठ्या केल्या आणि कँटीनच्या बहिरूकाकांना बोलावलं. त्यांनी साखरेच्या रिकाम्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढून दिली. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे मला कुणी काही विचारत नाही हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

पहिले सहा दीडच्या वर गेले. सातवा शून्य पॉइंट सातला सुटला. अकरावा, अठरावा आणि बाविसावाही गेला. सत्ताविसाव्याला यंत्राचा आवाज नीट चढलाही नव्हता, तोवर जाळी चिमट्यात राहिली आणि नळी मोकळीच मागे आली. शून्य पॉइंट चार. एवढ्या जोराला तर सदऱ्याचं सैल बटणही तुटत नाही. मी ती जाळी तळहातावर घेतली. तिचं वजनसुद्धा जाणवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती कुणाच्या तरी छातीत, एखाद्या वळणावर सुटली असती, आणि बाहेर खुर्चीवर त्याची बायको बसलेली असती, आणि कागदावर माझी सही असती. मी घाबरले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

अहवालात मी लिहिलं: तीसपैकी पाच नापास, लॉट रद्द. कारणाच्या रकान्यात लिहिलं: रचनेतला दोष. माझ्या रचनेतला.

मग मी गौरांगला फोन लावला. संध्याकाळचे सहा वाजायला आले होते, पहिली पाळी सुटली होती, पण भाग्यश्री घरी गेली नव्हती. तिला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. ती आपणहून माझ्यासमोरच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून बसली होती. डबे का उघडले हे तिला एव्हाना कळलं होतं.

"हॅलो."

"गौरांग, स्वरदा बोलतेय."

"बोला मॅम."

मी बोलले. पाठ केल्यासारखं, न थांबता. त्याचे आकडे खरे होते, मी चुकले, त्याच्या खणातला कागद मी वाचला, नमुने कोण निवडतं हे कळलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"किती सुटले?"

"तीसात पाच."

"सगळ्यात कमी?"

"शून्य पॉइंट चार."

"बाप रे," तो म्हणाला, आणि दोन क्षण आम्ही दोघंही गप्प होतो. त्या दोन क्षणांत तो माझा सहकारी होता.

"मी तुझी माफी मागते," मी म्हटलं. "सोमवारी ये. घडीची जागा बदलायची आहे, आणि मला ते एकटीला जमणार नाही."

"नाही मॅम. मी दुसरीकडे हो म्हटलंय. मागच्याच आठवड्यात."

पार्किंगमधले फोन. एवढा एकच संशय माझा खरा निघाला, आणि त्याचं कारणही बहुधा मीच होते.

"मॅम, एक सांगू का?" तो म्हणाला. "भाग्यश्रीताईंना बोलू नका. त्यांचा दोष नाही."

"मी तिला काही बोललेले नाही. बोलणारही नाही."

"हं."

"खरंच सांगते, गौरांग."

मग अगदी नम्रपणे म्हणाला, "त्या आहेत का तिथे? जरा फोन देता त्यांना?"

मी फोन टेबलावरून पुढे केला. भाग्यश्रीने पदराला हात पुसून तो घेतला आणि कानाला लावला. तो काय विचारतोय ते मला ऐकू येत नव्हतं. तिने ऐकता ऐकता माझ्याकडे एकदा बघितलं.

"नाय रे दादा," ती म्हणाली, "नाय बोलल्या काही."

मग खुर्चीत जराशी वळून, माझ्याकडे पाठ करून, तिने आवाज खाली आणला.

"अजून तरी नाय."